घड्याळाची परीक्षा : घरच्या घरी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सव म्हणजे पन्नास वर्षांच्या काळाचा हिशेब. काळाचा हिशेब ठेवणाऱ्या एका लहानशा यंत्राविषयी आज बोलावे, असे मी योजले आहे. पन्नास वर्षांपूर्वी आपल्या घरांत असलेल्या किती वस्तू आज चालू स्थितीत आहेत, याचा थोडा विचार करून पाहा. व्हॉल्व्हचा रेडिओ गेला, टाइपरायटर गेला, काळा जडशीळ टेलिफोन गेला. परंतु पुष्कळ घरांतील कपाटात, दागिन्यांच्या डबीशेजारी, वडिलांचे किंवा आजोबांचे चावीचे मनगटी घड्याळ अजून जपून ठेवलेले असते. त्याविषयी विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते : “आहे, पण ते वेळ बरोबर दाखवत नाही.”

या एका वाक्यावर त्या घड्याळाचे भवितव्य ठरते. कधी ते कायमचे खणात पडून राहते. कधी मोडीत जाते. कधी त्यातील मूळचे मशीन काढून सेलचे मशीन बसवले जाते आणि वडिलांच्या घड्याळाची केवळ डबी तेवढी उरते. हे निर्णय ज्या वाक्यावर होतात, ते वाक्य मात्र कोणी मोजून उच्चारलेले नसते. बरोबर नाही म्हणजे किती? दिवसाला पाच सेकंद की पाच मिनिटे? पुढे जाते की मागे पडते? रोज सारखेच की कधी असे, कधी तसे? आपण व्यापारी समाज आहोत. तराजूला न लावता मालाचा भाव आपण सांगत नाही. घड्याळाच्या बाबतीतही तोच न्याय लावावा, आणि ही पारख घरच्या घरी, अल्प साधनांनी कशी करावी, एवढाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

घड्याळाच्या पोटात काय चालते?

चावी दिली की मेनस्प्रिंग, म्हणजे पोलादी पट्टीची गुंडाळी, घट्ट आवळली जाते. ती उलगडताना दातेरी चाकांना फिरवते. ही चाके मोकाट सुटू नयेत म्हणून बॅलन्स नावाचे एक नाजूक चाक एकदा इकडे व एकदा तिकडे झोके घेत असते, आणि प्रत्येक झोक्यागणिक चाकांना एकेक पाऊल पुढे जाऊ देते. आपण जी टिकटिक ऐकतो ती या पावलांची. झोका ठराविक वेळातच पुरा व्हावा, हे काम केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग करते. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६७५ मध्ये ही सर्पिल स्प्रिंग बॅलन्सला जोडण्याची रचना प्रसिद्ध केली. आजच्या यांत्रिक घड्याळाचे हृदय मूलतः तेच आहे.

आपल्याकडील चावीच्या घड्याळांत एचएमटीची संख्या मोठी आहे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूर येथे या घड्याळांची निर्मिती सुरू झाली. ‘जनता’, ‘पायलट’ ही नावे येथील ज्येष्ठांना ठाऊक आहेतच. १७ ज्वेलच्या या घड्याळांचे बॅलन्स तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाचे ठोके झाले ४,३२,०००. आता एखादे घड्याळ दिवसाला २० सेकंद पुढे जात असेल, तर ४,३२,००० ठोक्यांत त्याचे केवळ १०० ठोके जास्त पडले. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे, तर ४,३२० रुपयांच्या उलाढालीत एका रुपयाचा फरक. पन्नास वर्षे मनगटावर, घामात आणि प्रवासात वावरलेल्या यंत्राने एवढा हिशेब राखावा, ही कौतुकाचीच गोष्ट नव्हे काय?

आपल्या नित्यक्रमाचेही उदाहरण घेऊ. सामायिकाचा काळ ४८ मिनिटांचा, म्हणजे एका मुहूर्ताचा. नवकारसीसाठीही सूर्योदयानंतरची ४८ मिनिटेच मोजली जातात. अहोरात्रीचे मुहूर्त तीस. तेव्हा दिवसाला ३० सेकंद चुकणारे घड्याळ एका सामायिकात अवघा एक सेकंद चुकते. मात्र तेच घड्याळ महिनाभर न लावता ठेवले, तर पंधरा मिनिटांनी चुकेल. चूक क्षणात दिसत नाही, ती साठत जाते. म्हणून ती मोजण्यासही थोडा काळ द्यावा लागतो.

अपेक्षा किती ठेवावी, हेही येथेच सांगतो. स्वित्झर्लंडमध्ये १९७३ साली स्थापन झालेली सीओएससी ही संस्था ‘क्रोनोमीटर’ हे प्रमाणपत्र देते. त्यासाठी घड्याळाचे मशीन पंधरा दिवस, पाच स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस या तीन तापमानांत तपासले जाते. सर्वसाधारण मशीनसाठी रोजच्या सरासरी चालीची मर्यादा ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी आहे. जगातील निवडक यंत्रांची ही कसोटी आहे. आपल्या घरातील जुन्या, साध्या घड्याळाने दिवसाला २०-३० सेकंदांच्या आत राहावे, ही अपेक्षा रास्त होय.

ताडून कशाशी पाहावे?

मोजमापाचा पहिला प्रश्न प्रमाणाचा. आपला शेर खरा कशावरून? मुंबईकरांना हा प्रश्न एकेकाळी फारच अडचणीचा होता. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईत तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ कित्येक वर्षे चालू राहिली. महानगरपालिकेने ती १९५५ पर्यंत सोडली नव्हती. एकाच शहरात दोन वेळा, आणि दोन्ही आपापल्या परीने बरोबर!

आज तो प्रश्न सुटला आहे. भारतीय प्रमाणवेळ राखण्याचे काम नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांच्या आधारे करते. मोबाइलमध्ये तारीख व वेळ आपोआप घेण्याची सोय चालू ठेवली, तर मोबाइल नेटवर्कवरून किंवा इंटरनेटवरून आपली वेळ जुळवून घेतो आणि घरगुती कामापुरती ती पुरेशी विश्वसनीय असते. सेकंद दिसणारे घड्याळ पडद्यावर उघडावे. शंका असल्यास दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमकार्डांचे मोबाइल शेजारी ठेवून पाहावेत. दोघांचे सेकंद एकत्र पडले की काम झाले.

एक सावधगिरी मात्र घ्यावी. आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांवर घड्याळ लावण्याची रीत एकेकाळी घरोघर होती आणि ती योग्यच होती. परंतु आता दूरचित्रवाणीचे चित्र उपग्रहावरून व सेट-टॉप बॉक्समधून येते आणि मोबाइलवरचा रेडिओ इंटरनेटवरून येतो. या प्रवासात काही सेकंदांचा विलंब होतो. म्हणून टीव्हीच्या कोपऱ्यातील घड्याळ हे आपले प्रमाण मानू नये.

पहिले साधन : वही आणि पेन्सिल

पहिले साधन सर्वांत स्वस्त आहे आणि माझ्या मते सर्वांत श्रेष्ठही आहे. रोज ठराविक वेळी, समजा सकाळी आठ वाजता, घड्याळाला पूर्ण चावी द्यावी. चावी अडली की थांबावे, जोर करू नये. मग सेकंदकाटा बारावर आला की त्याच क्षणी मोबाइलचे सेकंद पाहावेत. मोबाइल ८ वाजून ० मिनिटे ५० सेकंद दाखवीत असेल आणि आपल्या घड्याळात ८ वाजून १ मिनिट झाले असेल, तर घड्याळ १० सेकंद पुढे आहे. वहीत ‘+१०’ लिहावे. काटे फिरवून दुरुस्ती करू नये. काही घड्याळांत चावी बाहेर ओढली की सेकंदकाटा थांबतो, काहींत थांबत नाही. आपल्या कामाला त्याने काही अडत नाही, कारण आपल्याला फक्त फरकातील वाढ-घट पाहायची आहे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ‘+३१’ आले, तर दिवसाची चाल +२१ सेकंद.

डोळ्याने पाहताना अर्धा-एक सेकंद इकडे-तिकडे होणारच. त्यावर एक उपाय आहे. आपले घड्याळ आणि सेकंद दाखवणारा दुसरा मोबाइल शेजारी ठेवून दोघांचे मिळून दहा सेकंदांचे चित्रीकरण करावे आणि नंतर ते थांबवून, एकेक चित्र पुढे सरकवून पाहावे. सेकंदाच्या अंशापर्यंत फरक दिसतो. मोबाइलवर याच कामाची ॲप्सही आहेत; सेकंदकाटा बारावर येताच बोट टेकवायचे, बाकीची वजाबाकी ते करते. नातवंडांना हे काम आनंदाने सांगावे.

अशा सात दिवसांच्या नोंदी घ्या. मग खरा प्रश्न समोर येतो. समजा, दोन घड्याळे आहेत. पहिल्याची सात दिवसांची चाल +२०, +२१, +१९, +२०, +२२, +२०, +१८ अशी आहे. दुसऱ्याची +२, −१५, +१८, −९, +११, −१४, +८ अशी. आठवड्याच्या अखेरीस पहिले घड्याळ १४० सेकंद, म्हणजे दोन मिनिटे वीस सेकंद पुढे गेलेले असेल. दुसरे केवळ एक सेकंद पुढे असेल. आता सांगा, यांतील चांगले घड्याळ कोणते?

आठवड्यातून एकदाच पाहणारा मनुष्य दुसऱ्याचे कौतुक करील आणि पहिल्याला मोडीत काढील. वास्तविक पहिले घड्याळ निरोगी आहे. त्याची चूक एकसारखी आहे, आणि एकसारखी चूक ही दुरुस्त होणारी चूक असते. घड्याळजी आत एक लहानशी तरफ कणभर सरकवतील आणि ते २० सेकंद नाहीसे होतील. दुसऱ्या घड्याळाच्या चुका एकमेकींना झाकत आहेत. त्याच्या आत काहीतरी बिघडले आहे आणि तरफ कितीही सरकवली तरी ते सुधारणार नाही. वर्षअखेरीचा ताळेबंद जुळला म्हणून रोजमेळ खरा असतोच असे नाही, हे येथे बसलेल्या कोणत्याही जुन्या दिवाणजींना सांगावे लागणार नाही. घड्याळाच्या परीक्षेचे सार यातच आहे : चूक किती, याच्या आधी चूक एकसारखी आहे काय, हे विचारावे.

निजवण्याची स्थिती

रोजची चाल का बदलते, याची काही कारणे निरुपद्रवी असतात. बॅलन्सवर गुरुत्वाकर्षणाचा परिणाम होतो. घड्याळ आडवे असता बॅलन्सचा आस एका टोकावर गिरकी घेतो. उभे धरले असता तो दोन्ही बाजूंना टेकून फिरतो व घर्षण वाढते. म्हणून दिवसभर हातावरची चाल वेगळी आणि रात्री टेबलावरची वेगळी. हे पाहण्यासाठी एक रात्र तबकडी वर करून, एक रात्र तबकडी खाली करून, एक रात्र चावी वर आणि एक रात्र चावी खाली अशी उभी ठेवून नोंदी घ्याव्यात. एखाद्या स्थितीत घड्याळ थोडे मागे पडते आणि दिवसा हातावर पुढे जाते असे आढळले, तर रात्री त्याच स्थितीत ठेवावे. दिवसाची वाढ रात्री फिटते. पैशाचाही खर्च न करता घड्याळ बरेचसे ताळ्यावर येते.

चावीचाही परिणाम असतो. पूर्ण चावीवर आणि संपत आलेल्या चावीवर चाल सारखी राहतेच असे नाही. म्हणून चावीची वेळ ठरलेली असावी. तापमानाचा परिणाम एकेकाळी फारच मोठा होता. निकेल व पोलादाच्या मिश्रधातूंवर काम करून शार्ल एदुआर गिय्योम यांनी त्यावर मार्ग काढला आणि १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना या मिश्रधातूंच्या शोधाबद्दल मिळाले. तरीही उन्हात तापलेल्या गाडीत घड्याळ ठेवून त्याच्याकडून नेकीची अपेक्षा करू नये.

दुसरे साधन : मोबाइलचा कान

वही दिवसाचा हिशेब सांगते. या क्षणी घड्याळ कसे चालले आहे, हे कळायला त्याचे ठोके ऐकावे लागतात. मोबाइलच्या मायक्रोफोनवरून ठोके ऐकून चाल सांगणारी ॲप्स मिळतात. संगणकासाठी ‘टीजी’ नावाचा मुक्त प्रोग्रॅमही आहे. रात्रीची शांत वेळ निवडावी, पंखा बंद करावा, मोबाइलचे मायक्रोफोनचे छिद्र शोधून घड्याळ त्याला टेकवून ठेवावे आणि वर जाड टॉवेल पांघरावा. अर्ध्या मिनिटात चालीचा आकडा दिसू लागतो.

हा आकडा कितपत खरा? मोबाइलच्या आतही एक स्फटिक आहे आणि त्याच्या तालावर आवाजाची मोजणी होते. त्या स्फटिकात दशलक्षांत दहा भागांची चूक असेल, तर उत्तरात दिवसाला जवळजवळ एक सेकंदाची चूक येते. ती चालण्यासारखी आहे. खरी अडचण आवाजाची. ठोका क्षीण असेल, तर ॲप गोंधळते आणि दर वेळी निराळा आकडा सांगते. तीन वेळा मोजून तिन्ही आकडे जवळपास आले, तरच विश्वास ठेवावा. आणि वहीतील आकड्याशी ते विसंगत असतील, तर वहीचा शब्द अखेरचा मानावा.

तिसरे साधन : टाइमग्राफर

पूर्वी मोठ्या दुकानांत कागदी पट्टीवर ठिपके उमटवणारी चाल तपासण्याची यंत्रे असत. ठिपक्यांची रेघ सरळ गेली तर घड्याळ बरोबर. वर चढली तर पुढे, खाली उतरली तर मागे. त्याच यंत्राची आजची छोटी आवृत्ती म्हणजे टाइमग्राफर. चिनी बनावटीचे असे यंत्र हौशी माणसाला काही हजार रुपयांत मिळते. एका घराने घेण्याची गरज नाही; चार-सहा कुटुंबे मिळून एक पुरते. घड्याळ त्याच्या चिमट्यात बसवले की पडद्यावर तीन गोष्टी दिसतात.

पहिली, दिवसाची चाल सेकंदांत. दुसरी, झोक्याची व्याप्ती अंशांत. एक ठोका आपल्याला एक वाटतो, परंतु त्यात लागोपाठचे काही बारीक आवाज असतात. त्यांतील अंतरावरून बॅलन्स किती जोमाने झोके घेत आहे, हे यंत्र काढते. पूर्ण चावीवर, तबकडी वर असताना २७० ते ३०० अंशांच्या आसपास झोका असेल, तर घड्याळ तब्येतीने उत्तम. उभ्या स्थितीत तो काहीसा कमी होतो, ते स्वाभाविक आहे. पूर्ण चावी देऊनही झोका २०० अंशांच्या खाली असेल, तर तेल सुकलेले आहे असे समजावे. यासाठी यंत्राला त्या मशीनचा ‘लिफ्ट अँगल’ सांगावा लागतो. पुष्कळदा तो ५२ अंश धरलेला असतो, पण प्रत्येक मशीनचा वेगळा असू शकतो. तो चुकला तर झोक्याचा आकडा चुकतो. चालीचा आकडा मात्र चुकत नाही.

तिसरी गोष्ट टिक आणि टिक यांतील समतोलाची. डावा झोका आणि उजवा झोका यांना सारखाच वेळ लागायला हवा. त्यातील फरक मिलिसेकंदांत दिसतो. अर्ध्या मिलिसेकंदापर्यंत उत्तम, एकाच्या पुढे गेल्यास घड्याळजींच्या नजरेस आणून द्यावा. जुन्या मशीनमध्ये हा फरक काढणे नाजूक काम असते. एवढ्याच कारणासाठी चांगले चाललेले घड्याळ खोलण्याचा आग्रह धरू नये.

चौथे साधन : साधे होकायंत्र

परवापर्यंत नीट चालणारे घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटे पुढे जाऊ लागले, तर पहिला संशय चुंबकाचा घ्यावा. आपल्या भोवती आज चुंबक पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक आहेत : मोबाइलचा स्पीकर, पाकिटाचे चुंबकी बटण, फ्रिजवरची चित्रे, इंडक्शन शेगडी. हेअरस्प्रिंग चुंबकित झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, तिची उपयोगी लांबी कमी होते आणि झोके भराभर पडू लागतात. शाळकरी मुलांचे साधे होकायंत्र टेबलावर ठेवून घड्याळ हळूहळू जवळ आणावे. सुई स्पष्टपणे हलली, तर चुंबकाचा संशय बळावतो. चुंबकत्व घालवणारे छोटे विजेचे उपकरण घड्याळजींकडे असते आणि हे काम काही क्षणांचे आहे. तेवढ्यासाठी मशीन बदलून घेण्याची काहीही गरज नसते. होकायंत्र निर्दोष निघाले, तर वेढ्यांना तेल लागले असेल किंवा घड्याळ पडून स्प्रिंगचा वेढा अडकला असेल. ते मात्र उघडूनच पाहावे लागते.

यंत्र जे सांगत नाही

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. मोबाइल काय किंवा टाइमग्राफर काय, दोन्ही साधने बॅलन्सचे ठोके ऐकतात. काट्यांकडे त्यांचे लक्ष नसते. मिनिटकाटा ज्या नळीवर बसवलेला असतो ती झिजून सैल झाली, तर ठोके अगदी बिनचूक पडत असतानाही मिनिटकाटा मागे राहतो. यंत्र म्हणेल ‘उत्तम’, आणि घड्याळ दुपारपर्यंत दहा मिनिटे मागे पडलेले असेल. याची खूण सोपी आहे. मध्यभागी सेकंदकाटा असलेल्या घड्याळात सेकंदकाटा बारावर असता मिनिटकाटा रेषेवर येईल असे सकाळी लावून ठेवावे आणि संध्याकाळी पुन्हा पाहावे. तो दोन रेषांच्या मध्येच रेंगाळत असेल, तर दोष काट्याच्या पकडीचा आहे. हे वही लिहिणाऱ्याला लगेच कळते. केवळ यंत्रावर विसंबणाऱ्याला कळत नाही.

आपले काम आणि घड्याळजींचे काम

परीक्षा आपण करावी, शस्त्रक्रिया मात्र जाणत्या हातांनीच व्हावी. घरी मागचे झाकण उघडू नये, शिवणयंत्राचे तेल तर चुकूनही घालू नये. धुळीचा एक कण आणि तेलाचा एक थेंब हेअरस्प्रिंगला पुरेसा असतो.

आपल्या सात दिवसांच्या नोंदींवरून मात्र काय सांगायचे ते ठरते. चूक एकसारखी आणि झोका जोमदार असेल, तर म्हणावे : “फक्त चाल जुळवून द्या.” चूक लहरी आणि झोका क्षीण असेल, तर म्हणावे : “पूर्ण खोलून, धुऊन, तेल घालून द्या.” अचानक वेग वाढला असेल, तर म्हणावे : “आधी चुंबक तपासा.” ही वही सोबत दिली म्हणजे घड्याळजींचाही वेळ वाचतो, आपल्यालाही अनावश्यक खर्च पडत नाही आणि काम झाल्यावर पुन्हा सात दिवस मोजून समाधानाने मोबदला देता येतो. काम चोख असेल, तर त्यात घासाघीस करू नये, अशी माझी विनंती आहे. तासभर भिंगातून पाहून, श्वास रोखून केलेले ते काम असते, आणि ते जाणणारे हात दिवसेंदिवस कमी होत आहेत.

सुट्या भागांचीही हीच स्थिती आहे. एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये मान्यता दिली. आता या घड्याळांचे भाग जुन्या साठ्यातून किंवा दुसऱ्या घड्याळातूनच मिळवावे लागतात. बाजारात नव्याने रंगवलेल्या तबकड्या आणि चार घड्याळांचे भाग जुळवून केलेली ‘जुनी’ घड्याळेही पुष्कळ दिसतात. अशा वेळी आपल्या घरात असलेले, जसेच्या तसे, एकाच मनगटावर वावरलेले घड्याळ किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगायला नको. त्याचे मूळचे मशीन काढून टाकले, की ते परत येत नाही.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात माझी सर्व कुटुंबांना एक छोटी सूचना आहे. कपाटातील जुने घड्याळ बाहेर काढा. त्याला हलक्या हाताने चावी द्या. ते चालू लागले, तर सात दिवस नोंदी घ्या आणि त्यानंतरच त्याच्याविषयी मत बनवा. मुळीच चालले नाही, तर चावी पिळत बसू नका. तसेच घड्याळजींकडे न्या. आणि त्या नोंदींची चिठ्ठी घड्याळासोबत डबीत ठेवा : हे घड्याळ कोणाचे, कोणत्या वर्षी साफ केले, दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे जाते. आणखी पन्नास वर्षांनी ती डबी उघडणाऱ्याला केवळ एक बंद वस्तू सापडू नये; तिच्याशी कसे वागावे, हेही सापडावे.

माणसांविषयी मत बनवतानाही हीच वही उपयोगी पडेल काय, याचा विचार मी आपल्यावर सोपवतो.